वाचक विचारतात : यॉर्कशायरची वाफेची गाडी

प्रश्न : मुलगा लीड्सला असतो. उन्हाळ्यात आम्ही दोघे जाणार आहोत. तिथली वाफेच्या इंजिनाची गाडी एका दिवसात होईल का? गुडघे दुखतात, फार चालवत नाही.

उत्तर : होईल, पण सकाळी लवकर निघा. ही गाडी पिकरिंगहून सुटते. पिकरिंगला नेहमीची रेल्वे जात नाही; लीड्सहून यॉर्क-माल्टनमार्गे व्हिटबीला जाणारी ८४० क्रमांकाची बस तिथे थांबते. पिकरिंग ते ग्रोसमाँट हा १८ मैलांचा मार्ग १९६५ साली बंद पडला आणि १९७३ मध्ये पुन्हा सुरू झाला. काही गाड्या पुढे व्हिटबीपर्यंत जातात.

खरी मजा परतीच्या वाटेवर आहे. ग्रोसमाँटहून गोथलँडकडे दर ४९ फुटांना १ फूट असा चढ लागतो आणि इंजिनाचा दम ऐकू येतो. पाऊस किंवा ओली पाने असली की चाके रुळांवर घसरतात, मग ड्रायव्हर चाकांपुढे वाळू सोडतो. इंजिनाजवळच्या डब्यात बसा, मात्र खिडकीबाहेर डोकावू नका. जीव धोक्यात येतोच, शिवाय कोळशाची कणी डोळ्यात जाते.

वेळापत्रकात गाडी वाफेची की डिझेलची हे आधी बघा. कडक उन्हाळ्यात ठिणग्यांनी माळरान पेटू नये म्हणून ऐनवेळीही डिझेल लावतात. तक्रार करून उपयोग नाही!

गोथलँड ते ग्रोसमाँट जुन्या रुळांच्या वाटेने साडेतीन मैल चालता येते. ते मुलावर सोपवा, तुम्ही गाडीनेच या.