बायझंटाइन काळात चर्चमधल्या प्रतिमा खरंच काढल्या गेल्या, हे आज भिंतीवरून कसं ओळखतात?

प्रतिमाभंजनाची, म्हणजे बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्यात सम्राटांच्या फर्मानाने चर्चमधली संतांची चित्रं काढून टाकण्याची, वर्णनं बहुतेक प्रतिमापूजकांनीच लिहिली आहेत, मग त्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, असं तुम्ही विचारलं आहे. रास्त शंका आहे. चर्चमध्ये प्रतिमा असाव्यात की नाही, हा वाद 726-730 च्या सुमारास पेटला, 787 मध्ये थांबला, 815 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि 843 मध्ये कायमचा मिटला. जिंकलेल्या बाजूने भरपूर लिहिलं, हरलेल्यांचं लिखाण फारसं उरलं नाही. म्हणून मी आधी गिलावा पाहायला सांगेन.

भिंतीवरच्या मोझेकखाली (रंगीत खडे जडवून केलेल्या चित्राखाली) चुन्याचे सहसा तीन थर असतात, मिळून साधारण 4-6 सेंटिमीटर. शेवटचा थर ओला असतानाच त्यावर रंगाने आकृती काढतात आणि काचेचे 5-10 मिलिमीटरचे खडे दाबून बसवतात. सोनेरी खडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख. चुना एकदा घट्ट झाला की नुसते खडे उपटून चित्र बदलता येत नाही, वरचा थरच छिन्नीने काढावा लागतो. मग त्या खड्ड्यात नवा चुना भरतात. जुना आणि नवा चुना जिथे भेटतो तिथे सांधा राहतो, आणि तो लपत नाही. खड्यांच्या ओळी तिथे तुटतात, त्यांचा आकार नि दाटी बदलते, सोनेरी पार्श्वभूमीची झाक वेगळी दिसते. दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाकला तर पृष्ठभागाची पातळीही बदललेली कळते.

इस्तंबूलच्या आयासोफिया या बायझंटाइन काळातल्या मुख्य चर्चमध्ये नैऋत्य कोपऱ्यात वरच्या मजल्यावर पॅट्रिआर्कच्या (तिथल्या सर्वोच्च धर्मगुरूच्या) वापरातल्या खोल्या आहेत. तिथल्या वर्तुळांमध्ये आज क्रूस दिसतात, पण प्रत्येक वर्तुळाचा आतला भाग नव्याने भरलेला आहे. खाली जिथे संतांची नावं असायची तिथलीही अक्षरं काढून टाकून साध्या खड्यांनी जागा बुजवली आहे. क्रूसाखाली संताचं नाव कशाला असेल? म्हणजे तिथे आधी चेहरे होते. पॅट्रिआर्क निकेतास (766-780) याने तिथली चित्रं काढल्याची नोंद जुन्या इतिवृत्तात आहे. इथे ग्रंथ आणि भिंत एकच सांगतात, आणि असा जुळणारा पुरावा फार दुर्मीळ आहे.

निकेआच्या (आजचं इझनिक) कोइमेसिस चर्चमध्ये तर तीन पायऱ्या होत्या: आधी मेरी, मग क्रूस, मग पुन्हा मेरी. तिच्या दोन्ही बाजूंना क्रूसाच्या आडव्या भुजांचा माग सोनेरी पार्श्वभूमीत उमटलेला होता. ते चर्च 1922 मध्ये उद्ध्वस्त झालं. आज आपण हे सांगू शकतो ते 1912 च्या छायाचित्रांमुळे. ती काढली गेली नसती तर हा पुरावा कायमचा गेला असता. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या हागिया सोफिया चर्चमध्ये जा, तिथे अर्धघुमटात मेरीभोवती आधीच्या क्रूसाच्या खुणा अजून दिसतात.

आता चुका कुठे होतात ते. प्रत्येक सांधा म्हणजे प्रतिमाभंजन नव्हे. एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवशीचं सुरू होतं तिथेही सांधा पडतो, भूकंपानंतरच्या डागडुजीतही पडतो. म्हणून सांध्याची रेषा कुठून जाते ते बघायचं: ती आकृतीच्या कडेकडेने फिरत असेल तर कोणीतरी नेमकी तीच आकृती काढली आहे. वेडीवाकडी, भेगेच्या मागे जाणारी असेल तर कारण बहुधा पडझड. आणि क्रूस दिसला म्हणजे त्याखाली कोणी होतंच असंही नाही. आयासोफियाशेजारच्या हागिया इरीन चर्चमधला क्रूस 740 च्या भूकंपानंतर इमारत पुन्हा उभारताना मुळातच क्रूस म्हणून घातलेला आहे.

दुसरी चूक जास्त गंभीर वाटते: सगळं खापर सम्राटावर फोडणं. जॉर्डनमधल्या चर्चच्या फरश्यांवरही माणसं आणि प्राणी काढून टाकलेले सापडतात, पण तो प्रदेश तेव्हा मुस्लिम सत्तेखाली होता, बायझंटाइन फर्मान तिथे चालत नव्हतं. तिथली पद्धतही वेगळी आहे. उम्म अर-रसासच्या सेंट स्टीफन चर्चमध्ये देणगीदार, शिकारी, कोळी यांच्या आकृत्यांचे खडे काढून बरेचदा तिथेच विस्कटून पुन्हा बसवले, शेजारची शहरांची चित्रं मात्र शाबूत ठेवली. राग काढणारा माणूस इतक्या निगुतीने दुरुस्ती करत बसत नाही, हे त्याच चर्चमध्ये प्रार्थना चालू ठेवणाऱ्यांचं काम आहे. जॉर्डनमधल्याच मा'ईनच्या चर्चच्या फरशीवर बैलाच्या जागी झाड घातलं आहे. सिंह बैलासारखं गवत खाईल, हे बायबलमधलं वचन त्या चित्राला दिलं होतं. बैल गेला, पण त्याचे खूर आणि शेपूट झाडाच्या आजूबाजूला अजून तशीच आहेत.