पहाटे साडेपाचला काढलेले सगळे फोटो

या महिन्यात पत्रं आणि मेल धरून बरेच प्रश्न आले आणि त्यातले निम्मे तरी फोटोंचेच आहेत, लग्नसराई उरकली की दरवर्षी हे असंच होतं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे दिवसभर चुका शोधत बसतो (बहुतेक माझ्याच), पण नातेवाइकांच्या लेखी मी 'कॉम्प्युटरवाला', त्यामुळे प्रिंटर अडला, टीव्हीचा रिमोट चालेना, सासूबाईंच्या मोबाइलवर अक्षरं बारीक झाली, सगळं माझ्याच गळ्यात. तेव्हा खालची उत्तरं पुस्तकातून कमी आणि हात पोळून जास्त आलीत, तेवढं समजून घ्या.

भाच्याने माझ्या जुन्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर टाकून दिले. आता तीन-चारशे फोटोंवर एकच तारीख दिसते, १ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०. तेव्हा तर मी फ्रॉक घालून शाळेत जायचे हो! व्हायरस शिरलाय का?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण

बाई, व्हायरस बियरस काही नाही. आमच्या ऑफिसात ही तारीख स्क्रीनवर दिसली की कुणी काही विचारतच नाही, सगळ्यांना कळतं की कुणीतरी तारखेचा रकाना भरायला विसरलंय.

होतं असं की बऱ्याचशा सिस्टिम आतून तारीख अशी ठेवतच नाहीत, त्या नुसते सेकंद मोजतात. युनिक्स नावाची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी ठरवून टाकलं की १ जानेवारी १९७०, ग्रीनिचच्या वेळेने रात्रीचे बारा, हा शून्यावा सेकंद, आणि तिथून पुढे मोजत जायचं. आता तुमच्या भाच्याने कॉपी करताना मधल्या कुठल्यातरी केबलने किंवा अॅपने तारीख पुढे पाठवलीच नाही, जागा रिकामी राहिली, रिकामं म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे १९७०. बरं साडेपाचच का, तर आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. तेच फोटो न्यूयॉर्कमधल्या कुणी उघडले तर त्याला ३१ डिसेंबर १९६९, संध्याकाळचे सात असं दिसेल. म्हणजे तुमचं बालपण अजून एक वर्ष मागे.

पण घाबरू नका, खरी तारीख बहुतेक शाबूत आहे. फाइलवरची तारीख वेगळी आणि फोटोच्या पोटातली वेगळी. कॅमेरा किंवा फोन क्लिक करतानाच फोटोच्या आत एक छोटी नोंद लिहितो, तिला एक्झिफ म्हणतात, त्यात वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर, आयएसओ आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा असते. एका फोटोवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डीटेल्स, आणि तिथे 'डेट टेकन' बघा. तिथे बरोबर तारीख असली तर एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती उचलून सगळ्या फाइलींवर एका दमात लावून देतं. हे तुम्ही नका करत बसू, भाच्यालाच बसवा, पसारा त्याचा आहे. आणि आधी फोल्डरची एक कॉपी काढायला सांगा.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंच्या पोटात मात्र ही नोंद सहसा नसते, वाटेत गळून जाते. तिथे फाइलचं नाव वाचा. आयएमजी-२०१९०९०७-डब्ल्यूए००१२ असं काहीतरी असेल, त्यातला मधला आकडा म्हणजे २०१९ सालचा सप्टेंबर महिना, ७ तारीख. फोटो काढल्याची नाही, तो फोनवर आल्याची, पण १९७० पेक्षा नक्कीच बरी.

पोटातली तारीखही चुकू शकते बरं का, कारण कॅमेऱ्याला कुणी सांगितलं तेवढंच त्याला माहीत. कंपनीने मला काही महिने कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं, तिथे कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावलं आणि परत आल्यावर विसरलो. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला मंडईतून मिरवणूक निघतानाचे फोटो काढले, ढोल-ताशा, गुलाल, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि घरी येऊन बघतो तर वेळ आदल्या रात्री साडेदहाची. बायको म्हणाली, "रात्री साडेदहाला एवढं ऊन पुण्यातच पडतं वाटतं." जुन्या कॅमेऱ्यांच्या नोंदीत टाइमझोन लिहिलेलाच नसतो, नुसते घड्याळाचे आकडे, म्हणून ही गंमत. पण चूक सगळीकडे सारखी असली की दुरुस्ती सोपी, त्याच एक्झिफटूलने सगळे फोटो साडेबारा तास पुढे ढकलले आणि झालं. हेच एखाद्या फोटोवर अमकी आणि दुसऱ्यावर तमकी चूक असती तर अजून बसलो असतो.

दादा, मामेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो मी काढले आणि घाईघाईत दुसरंच कार्ड समजून तेच फॉरमॅट केलं. घरात अजून कुणाला सांगितलं नाहीये. काही होईल का?
— कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर

होईल, पण आधी ते कार्ड कॅमेऱ्यातून काढ. आत्ता. वाचन नंतर.

काढलंस? आता कार्डाच्या कडेला एक बारकी खिट्टी असते ती लॉकच्या बाजूला सरकव, म्हणजे त्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. फॉरमॅट म्हणजे काय होतं सांगतो. शाळेत हजेरीपटावरून पोराचं नाव खोडलं म्हणून पोरगं लगेच वर्गातून गायब होत नाही, ते आपल्या बाकावर बसलेलंच असतं, फक्त आता त्याचं नाव कुणी पुकारत नाही. गोची कधी होते, तर त्या बाकावर नवीन पोरगं आणून बसवलं की. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुतेक वेळा नुसता हजेरीपट कोरा करतं, फोटो जागच्या जागी असतात. म्हणून त्या कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही, 'चालतंय का बघू' म्हणून सुद्धा नाही. काही कॅमेऱ्यांत लो लेव्हल फॉरमॅट (म्हणजे बाकांवरची पोरंही हाकलणारं) असा वेगळा पर्याय असतो, तो टिक केला असशील तर मात्र आशा कमी.

आता कार्ड रीडर घे आणि कॉम्प्युटरवर फोटोरेक हे सॉफ्टवेअर टाक. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साधं दिसणारं व्हर्जन हवं असेल तर त्यातच क्यूफोटोरेक आहे. ते हजेरीपटाकडे ढुंकूनही बघत नाही, थेट कार्डावरचे बाइट्स, म्हणजे माहितीचे बारके तुकडे, वाचत सुटतं. प्रत्येक जेपीईजी (फोटोंचा नेहमीचा प्रकार) फाइल एफएफ आणि डी८ या दोन ठरलेल्या बाइट्सनीच सुरू होते, ते दिसले की हे म्हणतं, इथून एक फोटो सुरू झाला, आणि उचलून बाजूला ठेवतं. बाजूला म्हणजे कॉम्प्युटरच्या डिस्कवर, त्याच कार्डावर परत सेव्ह करायचे नाहीत, नाहीतर आपणच आपल्या हाताने नवीन पोरं बाकावर बसवली असं होईल. फाइलींची मूळ नावं जातात, एफ लावून लांबलचक आकडे येतात, पण वर बाईंना सांगितलं तशी पोटातली तारीख राहते, तिच्यावरून क्रमाने लावून घे. व्हिडिओचं सांगता येत नाही, ते मोठे असतात, तुकड्यातुकड्यांत पडलेले असले तर अर्धवट निघतात.

मी हेच भाचीच्या बारशाला केलंय म्हणून एवढं ठामपणे सांगतोय. ताई स्वयंपाकघरात आत्याबाईंना सांगत होती, फोटो काय, दादाकडे आहेत सगळे, आणि दादा बाहेरच्या खोलीत घाम पुसत. रात्री दोनपर्यंत लॅपटॉप घेऊन बसलो, एक-दोन वगळता सगळे आले. आणि वर काय आलं, तर ते कार्ड आधी मेहुण्याचं होतं, त्याने दोन वर्षांपूर्वी 'ऑफिसच्या कामाने' गेलेल्या ट्रिपचे फोटोही निघाले, गोव्याचा बीच वगैरे. मी ते डिलीट केले आणि कुणाला काही बोललो नाही, आत्ता इथे लिहितोय तेवढंच. जुनं कार्ड कुणाला देताना, विकताना एवढं ध्यानात ठेवा.

ही सगळी मजा मेमरी कार्डापुरती हं. फोनच्या आतल्या मेमरीतून डिलीट झालेला फोटो असा खणून निघत नाही, तिथे सगळं एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात असतं आणि मोकळी जागा फोन स्वतःच साफ करत असतो. तिथे ट्रॅश नाहीतर रीसेंटली डिलीटेड बघायचं. आयफोनमध्ये ३० दिवस आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस फोटो तिथे पडून असतो. त्यानंतर 'हमखास परत आणून देतो' म्हणणाऱ्या अॅपला पैसे देऊ नका.

१ टीबीची हार्ड डिस्क घेतली, कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो. ६९ जीबी कुठे गेले? दुकानदार नीट उत्तर देत नाही. मी ३४ वर्षं बँकेत काढलीत, हिशेब मला कळतो.
— नागपूर

काका, हिशेब जुळतोय. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज १ जीबी म्हणताना १००० च्या पटीत न मोजता १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. भागून बघा, ९३१ येतील. तीच डिस्क मॅकला लावली तर पूर्ण १ टीबी दिसेल, २००९ पासून ते १००० ने मोजतात. एकाने भाव शेकड्यावर सांगितला आणि दुसऱ्याने डझनावर मोजून घेतलं असा प्रकार आहे. दुकानदाराने चोरलं काहीच नाही, त्याला फक्त भागाकार येत नाही.

लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. पावसाळाभर बॅगेतच होती. पुसून जात नाही.
— अलिबाग

आत आहे म्हटल्यावर पुसून कसं जाईल, ती बुरशी आहे. कॅमेऱ्याची बंद बॅग, त्यात अंधार आणि तुमच्याकडची पावसाळी हवा, बुरशीला याहून चांगलं माहेर मिळणार नाही. लेन्स उघडून साफ करणाऱ्याकडे द्या आणि लवकर द्या, कारण ती नुसती काचेवर बसत नाही, काचेवरचं कोटिंग खाते, आणि एकदा डाग कोरला गेला की तो राहिलाच. थोडीशी असेल तर फोटोत जाळं दिसत नाही, पण उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट येतात. बाकीच्या लेन्स वेगळ्या ठेवा.

पुढच्या पावसाळ्यासाठी ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) वगैरे घ्यायलाच पाहिजे असं नाही. पापड-कुरडयांना आपण घेतो तसला घट्ट झाकणाचा डबा घ्यायचा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवायचं, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघायचं. सिलिका जेलचा रंग बदलला की ती गरम करून परत वापरता येते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको, निळ्या जेलमधलं रसायन पोटात जायच्या लायकीचं नसतं. आणि तांदूळ नको! कुठून निघालंय हे कळत नाही, पण दर पावसाळ्यात मला कुणीतरी तांदळात खोचलेली लेन्स आणून दाखवतं. त्यातली पिठी आणखी आत जाते.

मुलगी अमेरिकेहून नातवाचे फोटो मेल करते, ते आमच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाहीत. शेवटी एचईआयसी असं लिहिलेलं असतं.
— आजी-आजोबा, सांगली

मुलीकडे आयफोन आहे. २०१७ पासून ते फोन फोटो या प्रकारात ठेवतात, जागा कमी लागते म्हणून. तिला म्हणावं सेटिंग्जमध्ये जा, कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि 'मोस्ट कम्पॅटिबल' निवड, म्हणजे पुढचे फोटो साधे जेपीईजी येतील. आधीचे हवे असतील तर तिनेच बदलून पाठवावेत, तुम्ही विंडोजमध्ये काही टाकत बसू नका. नातू किती महिन्यांचा झाला ते कळवलं नाहीत.

तुम्ही सगळ्यांना बॅकअप घ्या, बॅकअप घ्या सांगता. स्वतः काय करता? खरं सांगा.
— ठाणे

आता खरंच सांगायचं तर ऐका. माझ्याकडे दोन बाहेरच्या डिस्क आहेत, एक घरी आणि एक साताऱ्याला बहिणीच्या कपाटात, गणपतीला आणि दिवाळीला जातो तेव्हा अदलाबदल करतो, म्हणजे घरात चोरी झाली, पाणी शिरलं तरी एक संच लांब असतो. लॅपटॉपवरून डिस्कवर फोटो न्यायला मी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिलाय, रोज रात्री आपोआप चालतो आणि सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा मेल पाठवतो. फार अभिमान होता त्याचा. मध्ये एकदा आईला काकांच्या एकसष्टीचा फोटो हवा होता, लॅपटॉप ऑफिसात राहिला होता म्हणून डिस्क लावली, तर त्यात गेल्या आठ महिन्यांचं काहीच नाही. मी फोटोंच्या फोल्डरचं नाव बदललं होतं आणि जुन्या नावाचा रिकामा फोल्डर तसाच ठेवला होता, आणि प्रोग्राम बिचारा रोज रात्री तो रिकामा फोल्डर इमानदारीत कॉपी करून मला यशस्वीचा मेल टाकत होता. ऑफिसात कुणी असा कोड दाखवला असता तर मी त्याला खाऊन टाकलं असतं.

नशीब की लॅपटॉप धड होता, सगळं परत कॉपी केलं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्क लावतो, डोळे मिटून कुठलंतरी फोल्डर आणि त्यातला कुठलातरी एक फोटो उघडून बघतो. या महिन्यात निघाला तो २०१४ चा, अर्धी भिंत आणि अर्धं माझंच बोट. व्यवस्थित उघडला.