हळदीच्या रात्री चाव्या कोणाकडे?

भाऊ, मे महिन्यात धुळे तालुक्यात धाकट्याचं लग्न, हळदीला त्याची मित्रमंडळी पिणारच, आणि मागच्या लग्नात एक पाहुणा मोटारसायकलवरून पडला म्हणून तुम्हाला धास्ती. बरोबर आहे. आमच्या भाऊबंदांच्या बऱ्याच लग्नांत मांडव सांभाळला, त्यावरून सांगतो.

बंदी घालत बसू नका. पोरं मग मळ्यात विहिरीच्या काठावर बसतात आणि अंधारात गाडीवर परततात. (मांडवात तुम्हीच पाजणार असाल तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना काढा. व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला वय २५ लागतं, हेही लक्षात असू द्या.)

खरं काम चाव्यांचं. बॅन्ड सुरू व्हायच्या आधी गोळा करायच्या. दोन पेग पोटात गेले की प्रत्येक जण 'काही व्हत नही' म्हणतो, मग चावी सुटत नाही. हे काम नवरदेवाच्या मित्राला देऊ नका, तोही त्यांच्यातलाच. आमच्याकडे आत्या बसली होती. प्रत्येक चावीला गाडीच्या नंबरची चिठ्ठी बांधून पिशवी मांडीवर. तिच्याशी हुज्जत घालायची कोणाची छाती झाली नाही.

दुसरं, पंगतीची वाट न बघता मंडळींना नाचायच्या आधीच वरण-बट्टी खाऊ घाला. रिकाम्या पोटी दारू झपाट्याने चढते, भरल्या पोटी हळू. डीजेजवळ पाण्याचे जार ठेवा. आपल्याकडच्या मेच्या उकाड्यात नाचून घाम जातो, दारूने लघवी वाढते, माणूस नुसत्या पाण्याअभावीही कोसळतो.

लिंबू, ताक, कॉफी यांनी उतरत नाही. यकृताला एका छोट्या पेगला (३० मिलि) साधारण तासभर लागतोच, मोठ्याला (६० मिलि) त्याच्या दुप्पट. मध्यरात्रीपर्यंत सहा मोठे पेग घेतलेला माणूस पहाटे चारला ताजातवाना दिसला तरी गाडी चालवण्याच्या लायकीचा नसतो. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सुरतकडचे पाहुणे असतील तर त्यांना आधीच बजावा: नवापूर ओलांडलं की गुजरातची दारूबंदी, उरलेली बाटली डिकीत टाकून नेऊ नका.

म्हणून रात्री कोणाला घरी पोचवण्यापेक्षा झोपवणं सोपं. बाजा (खाटा), सतरंज्या आधीच मागवून ठेवा. ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी न पिणाऱ्या ड्रायव्हरची एक जीप ठरवा, आणि त्याला पहिल्या पंगतीला बसवा, नाहीतर मित्रमंडळी त्यालाच आग्रह करतात. मालवाहू पिकअपच्या मागे माणसं भरू नका.

आता आमची चूक सांगतो. एका वर्षी चाव्या, जीप, सगळं चोख केलं आणि प्यायलेल्या चार जणांना गार वाऱ्याला म्हणून घराच्या धाब्यावर (सपाट छतावर) झोपवलं. एक जण रात्री लघवीला उठला आणि कठडा नसलेल्या बाजूने चालत गेला. खाली कडब्याची गंजी होती म्हणून हातावर निभावलं. तेव्हापासून अंगणातच, आणि कुशीवर. उताणा माणूस उलटीने गुदमरतो. शेजारी एक शुद्धीतला माणूस जागा ठेवतो. हलवूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील तर 'झोपू द्या, उतरेल' म्हणायचं नाही, लगेच १०८.