उपसा थांबवल्यावर विहिरीत पाणी चढण्याच्या वेगावरून काय कळते? तेलविहिरीतही हीच चाचणी घेतात का?

होय, तत्त्व एकच आहे. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-कळमेश्वर भागातील काळ्या पाषाणातल्या बोअरचा पंप बंद करून ठरावीक अंतराने पातळी नोंदवली, की खडक पाणी किती सहज वाहू देतो हे काढता येते; तेलविहिरीत झडप बंद करून तळाशी सोडलेल्या दाबमापकावर दाब कसा वाढतो ते पाहतात. दोन्हींचा पाया म्हणजे सच्छिद्र थरातून द्रव किती वेगाने वाहतो हे सांगणारा दार्सी यांचा १८५६ चा नियम. थाईस यांनी १९३५ मध्ये उष्णतावहनाच्या गणितावरून उपशाने भूजलपातळी कशी खालावते याचे सूत्र मांडले, तर हॉर्नर यांनी १९५१ मध्ये तेलविहिरींसाठी दाबवाढीच्या आलेखाची पद्धत दिली.

सावध राहायचे ते सुरुवातीच्या नोंदींबाबत. झडप वर बंद केली तरी खाली काही काळ तेल विहिरीत शिरतच राहते, त्यामुळे आलेखाचा पहिला भाग खडकाविषयी नव्हे, तर विहिरीच्या स्वतःच्या साठवणीविषयी सांगतो. आपल्या रुंद, खोदलेल्या विहिरींत तर ही साठवण इतकी मोठी असते की थाईसचे सूत्र तिथे जसेच्या तसे लावूच नये.

या चाचणीचा माझ्या मते सर्वांत मोलाचा उपयोग म्हणजे दोष कुठे आहे हे कळणे. ड्रिलिंगच्या चिखलाने विहिरीलगतची छिद्रे बुजली असतील, तर त्यामुळे होणारी दाबाची जादा घट आलेखातून वेगळी काढता येते, आणि मुंबई हायसारख्या चुनखडकात आम्ल सोडून वाट मोकळी करता येते. मूळ खडकच घट्ट असेल, तर तेवढ्याने भागत नाही. दाबाने भेगा पाडाव्या लागतात.