अण्णांची मारुती भंगारात देऊ का?

प्रश्न : नमस्कार काका. आमच्या अण्णांची १९९८ सालची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. ८७ हजार किलोमीटर चाललेली. पाच वर्षांपूर्वी अण्णा गेले, तेव्हापासून गाडी देवरूखच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. मी नोकरीसाठी ठाण्यात असते. गणपतीला गेले तेव्हा नवी बॅटरी लावून सेल्फ मारून पाहिला. इंजिन फिरतं, पण गाडी चालू होत नाही. तिथल्या एका गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि इंजिन खोलावं लागेल, ४० हजार लागतील, असं सांगितलं. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात दे. मी गाडी चालवायला अण्णांच्या शेजारी बसून याच गाडीवर शिकले, त्यामुळे मन होत नाही. पण उगाच पैसेही घालवायचे नाहीत. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पहिली गोष्ट म्हणजे आता पुन्हा सेल्फ मारू नका. पाच वर्षं उभ्या इंजिनात सिलेंडरच्या भिंतींवरचं ऑइल खाली उतरून गेलेलं असतं. कोरड्या भिंतींवर पिस्टनच्या रिंगा घासल्या की चांगलं इंजिन आपल्याच हाताने खराब होतं. इंजिन फिरतंय म्हणजे जाम झालेलं नाही, ही मात्र चांगली बातमी आहे.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात ३२ वर्षं गॅरेज चालवतोय. उभ्या राहिलेल्या पुष्कळ गाड्या हातून गेल्या. त्यावरून सांगतो, नुसत्या उभं राहण्याने इंजिन क्वचितच मरतं. मरतं ते रबर, सडतं ते पेट्रोल, आणि कोकणात खातो तो गंज. म्हणून ठेवायची की द्यायची, हे इंजिनावरून ठरवू नका. पत्र्यावरून ठरवा.

त्यासाठी गाडीतलं मॅटिंग पूर्ण उचला. खालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तिथे टोक दाबून बघा. मग गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्टने धरलंय त्या जागा आणि दारांखालच्या पट्ट्या बघा. पायाखालच्या पत्र्याला भोक असेल तर पॅच मारता येतो. पण सस्पेन्शनच्या जागी टोक आरपार गेलं, तर भावाचं म्हणणं बरोबर आहे, आणि मीही तेच सांगेन. ती गाडी रस्त्यावर आणू नये.

पत्रा धड असेल तर पुढे वाचा.

ट्यूनिंगच्या आधी ब्रेक. यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. १९९४ साली आमच्याकडे तीन वर्षं उभी असलेली एक पद्मिनी गाडी आली होती. कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग सगळं इतकं सुरेख जुळलं की इंजिनावर ठेवलेला पाण्याचा पेला हलेना. त्या आनंदात मी आंबा घाटाकडे ट्रायल घ्यायला गेलो. उताराला ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. मागच्या चाकातल्या ब्रेकच्या सिलेंडरचं रबर दगडासारखं झालं होतं, ते फाटून सगळं ब्रेक ऑइल बाहेर पडलं होतं. हँडब्रेक ओढून, गाडी सेकंडला टाकून कडेच्या मातीत थांबवली. शेजारी आमचा १७ वर्षांचा पोरगा बसला होता, शिकाऊ. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून आमच्याकडे उभी गाडी आली की आधी चार चाकं उतरतात.

तुमच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. मागच्या व्हील सिलेंडरच्या आणि मास्टर सिलेंडरच्या किट बदला, पुढच्या कॅलिपरचे पिस्टन मोकळे करून घ्या, रबरी होज नवे टाका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून जुनं पूर्ण काढून नवं भरायचं. टायरवर नक्षी असली तरी फसू नका. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, २३१४ असेल तर २०१४ सालचा २३वा आठवडा. त्या वयाचे टायर फुटतात, बदलाच.

मग पेट्रोल. टाकी खोलून पूर्ण रिकामी करा. पाच वर्षांच्या पेट्रोलला जुन्या व्हार्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकांत, बसतो. गाडी चालू न होण्याचं कारण बहुधा हेच असेल. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उतरवून पूर्ण खोला. जेट क्लीनरने आणि हवेने साफ करा, तार घालू देऊ नका. तारेने भोक मोठं होतं आणि मग ती गाडी कधीच सरळ ॲव्हरेज देत नाही. फ्लोट, निडल आणि गॅस्केटची किट नवीन घाला. पेट्रोलचे सगळे रबरी पाइपही बदला. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि १९९८ सालचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इथेनॉल चालेल असा पाइप मागून घ्या. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटलाय.

एअर फिल्टरचं झाकण तुम्ही स्वतः उघडा. देवरूखच्या शेडमध्ये पाच वर्षं म्हणजे आत उंदराचं घरटं असण्याची शक्यता मोठी. सुकं गवत, गोधडीचे धागे, भाताची टरफलं असं काय काय आमच्याकडे निघालंय. उंदीर होता म्हणजे वायरीही कुरतडल्या असणार. एकेक वायर हाताने चाचपून बघायची आणि मगच बॅटरी जोडायची.

आता इंजिन. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाडी टॉप गिअरला टाकून हळूहळू ढकला, म्हणजे इंजिन हाताने फिरेल. टायमिंग बेल्ट नवा घाला. तो रबराचा आहे आणि त्याचं वय किलोमीटरवर मोजायचं नसतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि कूलंट बदला. नंतर प्लग बाहेर ठेवूनच, कॉइलची वायर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. मग प्लग लावा, ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅप फीलर गेजने बघून.

गाडी चालू झाली की सुरुवातीला धूर काढेल, थोडं मिसिंगही करेल. घाबरू नका, आपणच आत टाकलेलं ऑइल जळतंय. इंजिन पूर्ण तापल्यावर टायमिंग लाइट लावून टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, जुळवा, शेवटी कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू आणि स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरायचा वेग. हा क्रम उलटा केला तर स्क्रू फिरवत दिवस जातो. २००-३०० किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढा. टोकाचा रंग दुधाच्या कॉफीसारखा असेल तर जमलं. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तेलकट ओलं असेल तर ऑइल वर येतंय.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तपासायचं ते याच वेळी. उभ्या गाडीच्या रिंगा चिकटलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी आकडा कमीच येतो, आणि चालल्यावर त्या बऱ्याचदा मोकळ्या होतात. तिन्ही सिलेंडरमध्ये फार फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंगांचं काम, नाही चढला तर व्हॉल्व्हचं. एवढं मोजून कोणी ४० हजार सांगितले तर जरूर ऐका. न मोजता सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका. माझ्या अंदाजाने टायर आणि पत्रा सोडून हे सगळं काम १५ ते २० हजारांत बसतं.

कागदांचं काम आजच सुरू करा. गाडी अजून अण्णांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो. १५ वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण झालंय का, तेही पाहा, त्यासाठी फॉर्म २५. विमा आणि पीयूसी हातात येईपर्यंत गाडी अंगणातच फिरवा.

प्रश्न : माझी जुनी झेन वर्षातून दोनदाच बाहेर निघते, पण मी रोज दहा मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवतो. एवढं पुरतं ना?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही, दादा. दहा मिनिटांत ऑइल पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना तयार झालेलं पाणी मग ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं, आणि सायलेन्सर आतून कुजतो. स्लोवर बॅटरीही नीट भरत नाही आणि ब्रेक जागचे हलत नाहीत. रोज चालू करणं बंद करा. पंधरा दिवसांतून एकदा कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागा, २० किलोमीटर टॉपमध्ये चालवून परत या. आणि घरी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.