पेपर टाकायच्या आधी

प्रिय बेटा,

तुझं पत्र वाचलं. टीम लीड होऊन वर्ष नाही झालं आणि दोघांनी पेपर टाकले, म्हणजे राजीनामे दिले, जीव घाबरा होणारच. तू विचारलंस, टीमसाठी पगारवाढ मागू का? जरूर माग. 'नागपुरात घर आहे, डबाही घरचाच' म्हणून पुण्यापेक्षा कमी देणं मला कधीच पटलं नाही. पण सगळी भिस्त पगारावर ठेवू नकोस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गनं १९५९ मध्येच मांडलं होतं, की पगार नीट नसला तर माणूस नाराज होतो, पण नुसत्या पगारानं तो कामात रमत नाही.

माझी चूक सांगतो. नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत असताना माझ्या हाताखाली एक मुलगा होता, तीन वर्षं रात्रीच्या सपोर्टवर. दोनदा म्हणाला, 'सर, डेव्हलपमेंटचं काही द्या ना.' दोन्ही वेळा मी म्हणालो, 'हा रिलीज होऊ दे.' कामाचा पक्का होता, म्हणूनच मी त्याला हलवत नव्हतो. त्यानं राजीनामा दिल्यावर मात्र धावत जाऊन काउंटर ऑफर, म्हणजे थांबण्यासाठी वाढीव पगार, आणली. तो शांतपणे म्हणाला, 'सर, मी मागितलं होतं ते हे नाही.' नोटीसच्या नव्वद दिवसांत त्यानं काम पुढच्याकडे सोपवायला हँडओव्हरची फाइल केली. सिस्टिममधला कोणता जॉब महिनाअखेरीला अडकतो, क्लायंटकडे रात्री दोन वाजता कोण फोन उचलतो, सगळं त्यात होतं. ती वाचताना कळलं, या मुलाला काय काय येतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बाजार तापला की माणसं जातात, हे खरं. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसमध्येसुद्धा स्वतःहून सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. तरी एकाच मजल्यावर एक टीम रिकामी होते आणि शेजारची टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फरक बहुतेक वेळा लीडचा असतो.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. आई-वडिलांसाठी पुणे-हैदराबाद सोडून परत आलेली मुलं सहज नोकरी बदलत नाहीत. ती गप्प राहून सोसतात. तो गप्पपणा समाधान समजू नकोस. कधीतरी घरून काम करू देणारी ऑफर आली, की अशी मुलंही निघतात.

महिन्यातून अर्धा तास प्रत्येकाशी बोल. स्टेटस विचारायचं नाही. पुढे काय शिकायचंय, कशाचा कंटाळा आलाय, एवढंच विचार. आणि जे देता येणार नाही, ते त्याच दिवशी स्पष्ट सांग. 'बघू'नं माणूस जास्त दुखावतो.

तू लिहिलंस, दीड वर्षापासून सपोर्टवर असलेली ती मुलगी हल्ली मीटिंगमध्ये बोलत नाही. सोमवारी पहिल्यांदा तिच्याशी बोल. काय म्हणाली ते रात्री फोन करून सांग, मी जागा असतो.

तुझा,
सर