हाताच्या टप्प्यातली जागा मेंदूला वेगळी का वाटते?

डोळ्यांना सगळी जागा सलग दिसते, मग हात पोचेल तिथली जागा आणि त्यापलीकडची जागा यांत मेंदू खरोखर फरक करतो का, असे आपण विचारले आहे. फरक करतो, आणि तो सेंटिमीटरवर कमी, तिथे शरीराला काय करता येते यावर जास्त अवलंबून असतो, असे माझे मत आहे.

इटलीतील पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलात्ती आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये माकडांच्या मेंदूतील हालचालींची आखणी करणाऱ्या भागात अशा चेतापेशी नोंदवल्या, की ज्या चेहऱ्याला किंवा हाताला स्पर्श झाल्यावर उद्दीपित होत आणि त्याच अवयवाजवळ एखादी वस्तू नुसती दिसली तरी उद्दीपित होत. पुढे असेही दिसले, की अशा अनेक पेशींच्या बाबतीत नजर दुसरीकडे वळवली तरी पेशीला उद्दीपित करणारी अवयवाजवळची ही जागा हलत नाही. हात हलवला, की ती हाताबरोबर जाते.

आत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांना लांब दांड्याच्या दाताळ्याने खाऊ ओढून घ्यायला शिकवले, तेव्हा पार्श्विका खंडातील (मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातील) अशाच काही पेशींचे दृष्टिक्षेत्र, म्हणजे जिथे काही दिसले की पेशी उद्दीपित होते ती जागा, दाताळ्याच्या लांबीभर पसरले. माकडाने दाताळे नुसते हातात धरले, तर मात्र ते पसरत नसे. अवजार शरीराचा भागच बनते, असे यावरून सर्रास लिहिले जाते, ते मला घाईचे वाटते, कारण अवजाराच्या टोकाकडे लक्ष वेधले जाणे हेही त्यामागचे एक कारण असू शकते.

तरीही मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो एका रुग्ण स्त्रीचा, जो बेर्ती आणि फ्रासिनेत्ती यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यामुळे तिचे डावीकडच्या गोष्टींकडे लक्षच जात नसे; जवळच्या आडव्या रेषेचा मध्य दाखवायला सांगितला, तर ती उजवीकडे सरकलेला बिंदू दाखवी. हाताबाहेरच्या अंतरावरच्या रेषेचा मध्य प्रकाशझोताने दाखवताना ही चूक होत नसे. मात्र त्याच दूरच्या रेषेसाठी तिच्या हातात लांब काठी देताच चूक परत आली. रेषा, अंतर आणि डोळे तेच होते. बदलले होते ते एवढेच, की आता हात काठीच्या रूपाने तिथवर पोचत होता, आणि म्हणून ती दूरची जागा तिच्या मेंदूच्या हिशेबात जवळची झाली होती.

याचा अर्थ दूरच्या जागेचा नकाशाच नसतो, असा मात्र नाही. आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या, जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या हिप्पोकॅम्पसमधील (मेंदूच्या आतल्या, स्मरणाशी निगडित भागातील) स्थानपेशी वेगळ्या. त्यांचा नकाशा परिसराला बांधलेला असतो, हाताला नव्हे.